अल्पशा आजाराने

माझ्या मामेभावाच्या निधनाचा निरोप मीच लिहिला होता. कोपरखैरण्याच्या त्या दोन खोल्यांत माणसं जमत होती. कुणीतरी माझ्या हातात मोबाइल दिला आणि म्हणालं, ‘तू लिहितेस ना, तूच टाक.’ ‘अल्पशा आजाराने दुःखद निधन’ असं मी लिहिलं आणि पाठवून दिलं. तो आजार नऊ वर्षं चालला होता.

मी नुसतं ‘आजाराने’ लिहायला निघाले होते. मामी रडता रडता थांबली आणि म्हणाली, ‘अल्पशा लिव. पोरीचं लगीन व्हायचं हाय अजून.’ तिचं चुकलं असं मी आजही म्हणणार नाही. आपल्याकडे कॅन्सरने गेलेल्या माणसासाठी ‘प्रदीर्घ आजार’ आहे, अपघाताने गेलेल्यासाठी ‘अकाली’ आहे. गर्दने गेलेल्या मुलासाठी आईने लोकांना काय सांगावं, याचं वाक्य आपण तिला दिलेलंच नाही. त्या एका शब्दाने मात्र त्याची नऊ वर्षं पुसली गेली. नशेची पुसली गेली, तशी तो झगडला तीही पुसली गेली.

मामा तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटात माथाडी. शाळेला सुट्टी लागली की हा पोरगा त्यांच्याबरोबर जायचा. कांदा उचलून अंगठ्याने त्याची मान दाबायचा आणि सांगायचा, ‘ताई, हा टिकणार नाही, मान जाड आहे.’ बारा-तेरा वर्षांचा असेल तेव्हा. माझ्या घरी आला की टोपलीतले कांदे निवडून वेगळे ठेवायचा, हे आधी वापर, हे नंतर.

घरात पहिल्यांदा लक्षात आलं ते फॉइलमुळे. डब्याच्या चपात्या गुंडाळायला मामी आणायची ती गुंडाळी आठवड्यातच संपायला लागली. मग एके दिवशी न्हाणीघरात पाइपामागे पट्ट्या सापडल्या, बोटभर रुंदीच्या, नीट कापलेल्या, मधोमध काळी वाहती रेघ. गर्द, म्हणजे ब्राउन शुगर, पन्नीवर ठेवून खालून काडी धरतात, ती वितळून पळते आणि धूर नळीने ओढतात. मामीला ते माहीत असायचं काहीच कारण नव्हतं. तिने पट्ट्या चुरगाळून कचऱ्यात टाकल्या आणि भांडी घासायला बसली.

पुढचं बहुतेक घरांत होतं तसंच झालं. मारहाण, शपथा, देवाला नवस, चोरी, पोलीस. टर्कीत, म्हणजे पुडी न मिळाल्यावर, तो कसा तळमळायचा ते मी पाहिलं आहे. हाडं मोडल्यासारखी दुखायची, नाकाडोळ्यांतून पाणी, उलट्या, रात्रभर झोप नाही. हे सगळं थांबवायला त्याला एक पुडी पुरायची. तरीही तो तीनदा उपचारांना गेला, त्यांपैकी दोनदा स्वतःच्या पायांनी. ‘इच्छाशक्तीच नाही’ म्हणणाऱ्यांना मला एवढंच सांगायचं आहे.

शेवटच्या वेळी केंद्रातून आला तेव्हा गालांवर मांस चढलं होतं, चहाला दोन चमचे साखर मागत होता. आम्ही निर्धास्त झालो, आणि तोच काळ सर्वांत धोक्याचा असतो. काही आठवडे, महिने अफूजन्य पदार्थ बंद राहिले की शरीराची सहन करण्याची ताकद उतरते. मन मात्र जुनंच प्रमाण धरून असतं. माणूस घसरला आणि पूर्वीएवढंच घेतलं, तर श्वास मंदावत थांबतो. नॅलॉक्सोन नावाचं इंजेक्शन वेळेत मिळालं तर तो श्वास परत येऊ शकतो. आम्हाला यातलं काहीही माहीत नव्हतं. आमच्या आधी ज्यांची मुलं अशी गेली, त्यांनीही ‘अल्पशा आजाराने’ असंच लिहिलं असणार. आम्हाला कळावं कुठून?

गुन्हा आणि आजार, हे दोन्ही कायद्यालाही ठाऊक आहे. १९८५चा अंमली पदार्थविरोधी कायदा सेवनाला गुन्हा ठरवतो, आणि त्याचंच ६४-अ कलम स्वतःहून मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घेणाऱ्या व्यसनी माणसाला सेवनाच्या खटल्यातून मोकळीक देतं. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने तर दारू आणि ड्रग्जमुळे येणारी मनाची अवस्था आजाराच्या व्याख्येतच घेतली. आपल्या तोंडी मात्र अजून ‘गर्दुल्ला’. तो शब्द लागला की माणसाचं नाव जातं. मी घरात तो उच्चारू देत नाही.

लेखक अनिल अवचटांच्या एका मित्राचा मुलगा गर्दमध्ये अडकला आणि अवचटांच्या पत्नी डॉ. अनिता यांनी त्याच्यावर उपचार केले. त्यातून अवचटांनी गर्दबद्दल लिहिलं. ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांड्यांनी मदत दिली, आणि २९ ऑगस्ट १९८६ला पुण्यात येरवड्याला ‘मुक्तांगण’ हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू झालं. म्हणजे आधी कुणीतरी घरातली गोष्ट बाहेर बोललं. मला त्या इतिहासातला तोच क्षण सर्वांत मोठा वाटतो.

नवी मुंबई आज ड्रग्जच्या बातम्यांत वरचेवर येते. २०२२च्या सप्टेंबर अखेरीस वाशीत संत्र्यांचा ट्रक अडवला, त्यात १९८ किलो मेथाम्फेटामिन आणि ९ किलो कोकेन निघालं. किंमत १,४७६ कोटी. पुढच्याच आठवड्यात न्हावा-शेव्याला फळांच्या कंटेनरमधून ५० किलो कोकेन. असे साठे पकडले जायलाच हवेत. पण किलो आणि कोटी आपल्या लक्षात राहतात. मामांच्या मार्केटच्या आसपासच्या वस्त्यांत गेलेली मुलं कुणाच्या लक्षात राहतात?

वर्षश्राद्धाचा निरोपही मीच लिहिला. मामीला वाचून दाखवला : ‘व्यसनाच्या आजाराशी नऊ वर्षं झगडून गेलेला आमचा मुलगा.’ ती बराच वेळ भिंतीवरच्या फोटोकडे बघत बसली. मग म्हणाली, ‘खाली त्यो नंबर पण टाक.’

टाकला. १४४४६. केंद्र सरकारची व्यसनमुक्ती हेल्पलाइन आहे, फोनला पैसे पडत नाहीत.