विनामूल्य विद्या

विद्येचा विक्रय निंद्य, असे आपले पूर्वज मानीत. मात्र ती कोणास द्यावी याविषयी त्यांचा हात फार आखडता असे, हेही विसरता कामा नये. आज तो हात सुटला आहे. एम. आय. टी. या अमेरिकेतील शिक्षणसंस्थेने आपली पाठ्यसामग्री जगास मोफत खुली करण्याचे २००१ साली जाहीर केले. बालभारतीची शालेय पुस्तके इंटरनेटवरून विनामूल्य उतरवून घेता येतात. केंद्र सरकारच्या ‘दीक्षा’वर २०१७ पासून गणित, विज्ञान, भाषा अशा नाना विषयांचे पाठ मिळतात.

मग शिकवणीची फी भरणारा पालक मूर्ख म्हणावा काय? आम्हांस तसे वाटत नाही. अपूर्णांकांशी अडलेल्या मुलापुढे शेकडो पाठ येतात. त्यांतला आपल्या अडचणीचा कोणता, हे ओळखण्यास जे ज्ञान लागते, तेच त्याच्यापाशी नसते. फी बहुधा या निवडीचीच असते. सुशिक्षित घरी ती निवड रात्रीच्या जेवणानंतर सहज होऊन जाते. इतरत्र भांडार उघडे असूनही वाट सापडत नाही. तेव्हा आपल्या मुलासाठी हुडकलेला उत्तम पाठ घरी धुणेभांडी करणाऱ्या बाईंच्या मुलीसही दाखविणे, हा उपकार की ऋणफेड? आम्ही दुसराच शब्द पसंत करू. आमच्या घरी मात्र हे अद्याप एकदाच घडले आहे.