पूर्वीसारखे राहिले नाहीत

"गुडघे छान झाले हो, पण अण्णा काही पूर्वीसारखे राहिले नाहीत." हे वाक्य हल्ली पुष्कळ घरांत ऐकू येते. बहुधा ते स्वयंपाकघरात, हलक्या आवाजात बोलले जाते. कारण अण्णा बाहेरच्या खोलीत, नव्या गुडघ्यांनिशी, वर्तमानपत्र वाचत बसलेले असतात. ही काळजी म्हणायची की निकाल? आणि निकाल असेल, तर तो देण्याचा अधिकार कोणाचा?

वाक्य जुनेच आहे. ऑक्सफर्डचे डॉक्टर बेडफर्ड यांनी ते रुग्णांच्या नातेवाइकांकडून इतक्यांदा ऐकले की, भूल देऊन शस्त्रक्रिया झालेल्या हजाराहून अधिक वयस्कांची त्यांनी चौकशी केली आणि १९५५ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ती मांडली. चार्नली यांचा खुब्याचा कृत्रिम सांधा त्यानंतरचा, १९६२ चा. म्हणजे सांधे बदलण्याची सोय रुळण्याआधीच ही तक्रार नोंदली गेली होती.

पण नातेवाइकांच्या 'वाटण्या'ला वजनमाप नसते. म्हणून मोजणे आले. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत अनेक देशांतील रुग्णालयांनी मिळून साठी ओलांडलेल्या १,२१८ जणांची, हृदय सोडून इतर मोठ्या शस्त्रक्रियांच्या आधी आणि नंतर, परीक्षा घेतली. शब्दांची यादी दाखवायची आणि किती आठवतात ते पाहायचे, अक्षरे आणि अंक यांच्या जोड्या लावायला सांगायचे, असे तिचे स्वरूप. आठवड्यानंतर शंभरांतले सुमारे २६ जण घसरलेले आढळले; तीन महिन्यांनी सुमारे १०. हे वाचून दचकण्याआधी दुसरा आकडा पाहावा. ज्यांच्यावर शस्त्रक्रिया झालीच नाही अशा त्याच वयाच्या मंडळींतही तीन महिन्यांत शंभरांतले तीनेक जण घसरले होते. वय आपले काम शस्त्रक्रियेची वाट न पाहता करीत असते.

या मोजण्यात आणखी एक गंमत आहे. तीच परीक्षा दुसऱ्यांदा दिली की माणूस सरावाने थोडा पुढे जातो. म्हणून अण्णांना पूर्वीइतकेच गुण मिळाले, तरी परीक्षक ते खरे 'तितकेच' मानीत नाही. इतर पुढे गेले आणि हे का गेले नाहीत, असे विचारतो. घरच्या माणसांना हा हिशेब कुठून ठाऊक असणार?

आणि परीक्षा तरी कोणाच्या मापाची? शंभरातून सात-सात वजा करा म्हटले तर पाढे घोकून मोठे झालेले पेन्शनर गुरुजी ते झोपेतही करतील. शाळेची पायरी न चढलेली आजी अडेल. पण चार गावांतली सोयरीक तिच्या जिभेवर असते, त्याला गुण नाहीत. हरियाणातील बल्लभगड भागात निरक्षर वृद्धांसाठी संशोधकांनी नव्वदीच्या दशकात परीक्षेची हिंदी आवृत्ती बेतली, ती याच अडचणीतून. सकाळ आहे की संध्याकाळ, हे विचारणे किती साधे आणि किती न्याय्य!

दोष सहसा भुलेच्या माथी मारला जातो. गुडघा बदललेल्या २६२ वृद्धांवरची एक पाहणी १९९५ साली प्रसिद्ध झाली. काहींना पूर्ण भूल, काहींना पाठीतून फक्त कमरेखाली बधिर करणारी. सहा महिन्यांनी दोन्ही गटांत फरक दिसला नाही. एकंदर शंभरांतल्या पाच जणांची घसरण मात्र टिकून होती. पाच म्हणजे थोडेच, असे म्हणणे सोपे आहे. त्या पाचांत आपली आई असली, की पाचाचा अर्थ बदलतो.

येथे खरा प्रश्न उभा राहतो: हे तिला आधी सांगायचे का? "कशाला सांगायचे, उगीच घाबरेल," असे मुले म्हणतात, आणि त्यांचे प्रेम खोटे नसते. तरीही मला हे पटत नाही. देवळापर्यंत चालत जाता येणे, रात्री कळ न येता झोप लागणे हे एका पारड्यात, आणि दोन नावे विसरण्याचा संभव दुसऱ्या पारड्यात. या दोहोंना तोलणारे समान माप कोणत्याही परीक्षकाकडे नाही. मुलांकडेही नाही. ते फक्त तिच्याकडे आहे, आणि ते वापरण्याची वेळ ऑपरेशनच्या आधीची. रात्रंदिवस ठणकणाऱ्या गुडघ्याने मन किती खाल्ले आहे, हेही तीच जाणते.

शिवाय घरचे लोक कधी कधी भलतेच मोजतात. पाय सुटलेली आजी सुनेला न विचारता एकटी बाजारात जाऊ लागली, मुलाला उलट बोलू लागली, तरी 'ती पूर्वीसारखी राहिली नाही' म्हणतातच!

म्हणून सांगावे. तिच्या भाषेत, घाई न करता. पहिल्या काही दिवसांत गोंधळल्यासारखे होऊ शकते, ते बहुधा ओसरते. चष्मा आणि ऐकण्याचे यंत्र शुद्धीवर येताच हाताशी असेल. रात्री ओळखीचा आवाज जवळ असेल, हेही सांगावे. मग तिला काय हवे ते विचारावे, आणि विचारताना उत्तर आधीच ठरवून ठेवू नये.

आणि ती नाही म्हणाली तर? तर काठी आहे, शेक आहे, व्यायाम आहे, दुखणे कमी करणारी औषधे आहेत. पुढच्या दिवाळीला पुन्हा विचारता येईल.