सेवा आणि बिदागी

गाणे-वाजवणे ही उपासना असेल तर तिचे मोल घ्यावे का, हा भारतीय धर्मविचारातला जुना प्रश्न आहे आणि त्यावर शास्त्रांचे एकमत नाही. वीणावादनाचे मर्म जाणणारा, श्रुती-जातींत आणि तालात निष्णात असलेला माणूस विनासायास मोक्षमार्गाला लागतो, असे याज्ञवल्क्यस्मृती सांगते. मनुस्मृती ब्रह्मचाऱ्याला नृत्य, गीत आणि वादन वर्ज्य करते आणि ज्यांचे अन्न घेऊ नये त्यांच्या यादीत चोराशेजारी गायकाला बसवते. दोन्ही ग्रंथ धर्मशास्त्राचेच. एकाच्या डोळ्यांपुढे नादाची विद्या आहे, दुसऱ्याच्या डोळ्यांपुढे त्या विद्येवर पोट भरणारा माणूस. पुढच्या दोन हजार वर्षांतले बरेचसे वाद या दोन दृष्टींच्या मधल्या जागेत झाले.

वारकरी परंपरेने याबाबत कडक भूमिका घेतली. कथाकीर्तनासाठी द्रव्य घेणारा आणि देणारा असे दोघेही तुकोबांनी दोषी ठरवले. वऱ्हाडात ही शिस्त गाडगेबाबांनी अक्षरशः पाळली. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावी १८७६ मध्ये जन्मलेल्या या संताच्या कीर्तनांमधून जमलेला पैसा धर्मशाळा, घाट आणि सदावर्ते यांच्याकडे गेला. स्वतःसाठी त्यांनी त्यातले काही ठेवले नाही. याच जिल्ह्यात मोझरीच्या गुरुकुंजातून तुकडोजी महाराजांनी (१९०९–१९६८) खंजिरीवरचे भजन गावोगावी नेले. त्यांच्या संघटनेच्या नावातच ‘सेवा’ आहे: श्रीगुरुदेव सेवा मंडळ. नांदगाव खंडेश्वरसारख्या गावांतल्या भजनी मंडळांवर या दोघांची छाया आजही आहे. तिथे एकच माणूस आज पेटी धरतो, उद्या मृदंगावर बसतो आणि खंजिरीवाला आला नाही तर खंजिरीही वाजवतो. अनेक वाद्ये येणे हे तिथे कौतुकाचे प्रकरण नाही. सेवा अडू नये एवढाच त्यामागचा हेतू असतो. अशा मंडळात बिदागीचा प्रश्न उठत नाही, कारण वाजवणाऱ्याचे पोट शेतीवर किंवा नोकरीवर चालते. ज्याचे सारे आयुष्यच वादनाला वाहिलेले आहे, त्याच्यापुढे मात्र तो रोजचा असतो.

नांदगावचे खंडेश्वराचे मंदिर यादवकाळातले, हेमाडपंती बांधणीचे आहे. त्याच यादवांच्या देवगिरीत, सिंघणाच्या राजवटीत, तेराव्या शतकाच्या पूर्वार्धात शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. शार्ङ्गदेवाचे घराणे मूळचे काश्मीरचे. तो स्वतः यादवांच्या हिशेबखात्यातला वरिष्ठ अधिकारी आणि वैद्यकाचा जाणकार होता. त्याच्या ग्रंथात रागांच्या आधी मानवी देहाची उत्पत्ती येते, कारण नाद देहातून उमटतो आणि देह समजल्याशिवाय नाद समजत नाही, अशी त्याची मांडणी आहे. नाद दोन प्रकारचा: आघाताशिवाय असणारा अनाहत आणि आघाताने उमटणारा आहत. अनाहताची उपासना योगी करतात. ती मुक्ती देते, पण त्यात रंजन नाही. आहत नाद लोकांचे रंजन करतो आणि भवबंधनही तोडतो. हे दुसरे विधान फार महत्त्वाचे आहे. रंजन आणि मुक्ती यांची वाटणी दोन वेगळ्या संगीतांमध्ये करायला शार्ङ्गदेव तयार नाही. जो स्वर मैफल जिंकतो त्याच स्वराला तो तारक म्हणतो. वाद्याध्यायात तंतुवाद्ये, सुषिर, चर्माने मढवलेली आणि घन असे चार वर्ग येतात, आणि हे सारे आहताचेच प्रकार ठरतात. त्यामुळे अनेक वाद्ये हाताळणारा माणूस या विचारचौकटीत एकाच साधनेच्या वेगवेगळ्या दारांतून आत जात असतो.

आधुनिक महाराष्ट्रात हा प्रश्न ज्यांच्या आयुष्यातून स्पष्ट दिसतो, असे एक कलावंत म्हणजे पंडित गजाननराव जोशी. संगीताच्या वर्तुळात ते गजाननबुवा म्हणूनच ओळखले जातात. जन्म ३० जानेवारी १९११, मृत्यू १९८७. वडील अनंत मनोहर ऊर्फ अंतुबुवा जोशी हे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांचे शिष्य आणि औंध संस्थानचे गवई. घरची तालीम ग्वाल्हेरची. पुढे रामकृष्णबुवा वझे, जयपूर घराण्याचे भूर्जीखाँ आणि आग्रा घराण्याचे विलायत हुसेन खाँ यांच्याकडून गजाननबुवांनी विद्या मिळवली. घराण्यांच्या भिंती उंच असण्याच्या काळात हे सोपे नव्हते. गळ्याच्या जोडीला त्यांनी व्हायोलिन घेतले आणि त्यावर गायकी अंगाने राग मांडला. तबल्याची आणि लयीची त्यांची जाण एवढी पक्की होती की सुरेश तळवलकरांसारख्या तबलावादकाने लयीसाठी त्यांचे मार्गदर्शन घेतले. संगीत नाटक अकादमीचा सन्मान त्यांना १९७२ मध्ये मिळाला.

गजाननबुवांच्या उपजीविकेचा आधार मैफली, आकाशवाणीतली नोकरी आणि शिकवणे हा होता. त्यांनी औंधमध्ये केलेले काम मात्र वेगळ्या जातीचे आहे. जोशी कुटुंबाचे आध्यात्मिक गुरू शिवानंदस्वामी यांच्या पुण्यतिथीला, आश्विन वद्य पंचमीला, तिथल्या दत्तमंदिरात त्यांनी १९४० मध्ये संगीतोत्सव सुरू केला. तिथे कलावंत कार्यक्रम ‘करत’ नाही, तर ‘सेवा रुजू करतो’. याचा अर्थ असा घ्यायचा का, की मुंबईतले गाणे धंद्याचे आणि औंधचे तेवढे देवाचे? अशी विभागणी सोयीची आहे, आणि अनेक कलावंत ती मनोमन करतात. पण ती मान्य केली तर वर्षातला एक दिवस उपासनेचा आणि उरलेले पोटाचे ठरतात, शार्ङ्गदेवाच्या विधानाला काही अर्थ उरत नाही. औंधचा स्वर आणि मुंबईचा स्वर एकाच रियाजातून येतो. दत्तापुढे लावलेला षड्ज वर्षभराच्या मैफलींतच तयार झालेला असतो. त्यामुळे औंधच्या दिवसाकडे बाकीच्या दिवसांचा अपवाद म्हणून न पाहता, त्या सगळ्यांचा रोख दाखवणारी खूण म्हणून पाहणे अधिक योग्य आहे.

बिदागीला सरसकट हीन मानण्यात आणखी एक अडचण आहे. अंतुबुवांचे गुरुबंधू विष्णू दिगंबर पलुस्कर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिकीट लावून जाहीर मैफली सुरू केल्या आणि १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. त्याआधी गवयाचा मान एखाद्या संस्थानिकाच्या मर्जीवर टिकून असे. तिकिटाचा पैसा शेकडो हातांनी येतो, म्हणून तो एका धन्यापुढे मान तुकवायला लावत नाही. पलुस्करांनी पैसा घेऊन गवयाला स्वतंत्र केले, हे धर्मदृष्टीनेही लहान काम नव्हे. पुढे कर्जापायी महाविद्यालयाची मुंबईतली शाळा हातची गेली आणि ते रामनामात रमले. नाशिकचा आश्रम हे त्यांचे अखेरच्या काळातले ठिकाण. हा बदल पश्चात्ताप म्हणून सांगण्याची प्रथा आहे. पण तिकीट लावणारे पलुस्कर आणि रामधून गाणारे पलुस्कर यांच्यात विरोध दाखवणारा पुरावा त्यांच्या आयुष्यात सापडत नाही. सभेत गाणे पवित्र ठेवण्याचा आग्रह त्यांनी सुरुवातीपासूनच धरला होता.

ध्वनिमुद्रणाने जुन्या प्रश्नाला नवी बाजू दिली. आहत नाद उमटतो आणि विरतो. देवापुढचा नैवेद्य जसा एकदाच दाखवला जातो, तसे गाणेही त्या क्षणापुरते अर्पण होत असे. तबकडीने त्याची वस्तू केली. मिनिटाला ७८ फेऱ्या घेणाऱ्या तबकडीच्या एका बाजूला सुमारे तीन मिनिटे मावत, आणि तासाभराचा राग तेवढ्यात आटवावा लागे. गजाननबुवांच्या व्हायोलिनच्या अशा तबकड्या निघाल्या. याच्या दुसऱ्या टोकाला अन्नपूर्णादेवी आहेत. सरोद, सुरबहार, व्हायोलिनपासून अनेक वाद्यांवर हुकमत असलेले मैहरचे बाबा अलाउद्दीन खाँ हे त्यांचे वडील आणि गुरू. नमाज न चुकवणारे बाबा मैहरच्या शारदादेवीचेही भक्त होते आणि दोन्हींत त्यांना अंतर वाटले नाही. अन्नपूर्णादेवींनी भर उमेदीत जाहीर वादन सोडले, व्यावसायिक मुद्रण टाळले आणि मुंबईच्या घरात बसून सतार, सरोद, बासरी अशा वेगवेगळ्या वाद्यांचे शिष्य घडवले. स्वतः त्या सुरबहार वाजवत. शिष्याला मात्र त्याच्या वाद्यावरचा राग त्या गाऊन शिकवत. त्यांची भूमिका मनाला भिडते, पण तिला सार्वत्रिक नियम करता येत नाही. १९५६ मध्ये गाडगेबाबांचे वांद्र्याचे कीर्तन मुद्रित झाले नसते तर त्यांचा आवाज आजच्या वऱ्हाडी माणसापर्यंत पोचलाच नसता. शिवाय आकाशवाणीच्या बंद खोलीत टाळी नसते, दाद नसते, समोर चेहरा नसतो. श्रोता आहे असे मानून त्याच्यासाठी जीव ओतायचा. न दिसणाऱ्यापुढे वाजवण्याचा हा सराव उपासनेपासून फार दूरचा नाही.

उपासनेला खरा धोका पैशापेक्षा ‘हे माझे’ या धारणेतून आहे. अमरावती जिल्ह्यातच जन्मलेल्या प्रज्ञाचक्षू गुलाबराव महाराजांनी (१८८१–१९१५) मांडलेले मधुराद्वैत इथे उपयोगी पडते. ऐक्य कळल्यावरही भक्तीच्या माधुर्यासाठी द्वैत राखायचे, असा त्याचा गाभा. नाद एक आहे हे जाणणारा कलावंत तरीही व्हायोलिनचे व्हायोलिनपण आणि तबल्याचे तबलेपण जपतो, आपले वेगळेपण मिरवत नाही. घराण्यातल्या चिजा लपवून ठेवण्याची रीत ही नेमकी उलट वृत्ती होती. बिदागी न घेणारा बुवाही विद्या दडवत असेल, तर त्याची सेवा अपुरीच राहते.

म्हणून या प्रश्नाची कसोटी मैफलीपेक्षा शिकवण्यात अधिक लागते. तीन घराण्यांची विद्या मिळवलेल्या गजाननबुवांनी ती पुढे दिली. यवतमाळ जिल्ह्यातल्या पांढरकवड्याच्या काशाळकर घराण्यातले अरुण आणि उल्हास हे त्यांचे शिष्य. पद्मा तळवलकर, वीणा सहस्रबुद्धे, शुभदा पराडकर यांनीही त्यांची तालीम घेतली, आणि संगीतशास्त्रज्ञ अशोक दा. रानडे हेही त्यांच्याकडेच शिकले. एवढ्या वेगवेगळ्या प्रकृतीचे शिष्य घडवताना प्रत्येकाला आपला साचा बसवण्याचा मोह गुरूला होतो; तो त्यांनी आवरला, हे या शिष्यांची गाणी ऐकताना कळते. १९९३ मध्ये उल्हास काशाळकर कोलकात्याच्या संगीत रिसर्च अकादमीत गुरू म्हणून रुजू झाले. ही संस्था एका उद्योगसमूहाच्या आधारावर चालते आणि तिथे गुरूच्या सहवासात निवासी शिक्षण मिळते. गुरुदक्षिणेची जागा पगाराने आणि शिष्यवृत्तीने घेतलेली ही नवी व्यवस्था आहे. दरबार, तिकीट आणि आकाशवाणी यांच्यानंतरचा तो पुढचा टप्पा, आणि पोटापुरते घेऊन विद्या हातची न राखता द्यायची ही अट तिथेही लागू होते.