ध्यानातून उठल्यावर

ध्यान केलं की मेंदू बदलतो, असं सांगणारा एखादा व्हिडिओ हल्ली रोज मोबाइलवर येऊन पडतो. बदलतही असेल. पण तो बदललेला माणूस चारचौघांत वागतो कसा?

बॉस्टनच्या संशोधकांनी २०१३ मध्ये नेमकं हेच पाहिलं. आठ आठवडे ध्यान शिकलेल्यांना आणि न शिकलेल्यांनाही एकेकटं बाहेरच्या खोलीत बसायला सांगितलं. खुर्च्या तीन, दोन आधीच भरलेल्या. तेवढ्यात कुबड्या घेतलेली एक बाई आत आली. शेजारचे दोघे ढिम्म. त्यांना तसंच शिकवून ठेवलेलं. ध्यान न शिकलेल्यांपैकी साधारण सहातला एक उठला. शिकलेल्यांपैकी निम्मे उठले.

इथेच थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण २०२१ मध्ये अमेरिकेतल्याच बफेलो विद्यापीठातून वेगळी गोष्ट पुढे आली. ‘आपण बरे, आपले काम बरे’ अशा वृत्तीची माणसं थोडा वेळ ध्यान करून उठली, तर परोपकाराच्या कामाला उलट कमीच तयार झाली. स्वतःला इतरांशी बांधलेलं मानणारी मात्र जास्त तयार झाली. थोडक्यात, ध्यान मूळ स्वभावालाच धार लावतं.

मग एकट्याच्या ध्यानाने भागत नसेल, तर साधना माणसांत राहूनच करायला हवी. विनोबांनी १९५९ मध्ये पवनारला धाम नदीकाठी ब्रह्मविद्या मंदिर सुरू केलं, ते स्त्रियांच्या सामूहिक साधनेसाठी. झाडलोट, स्वयंपाक, शेती सगळं बहिणींनीच करायचं; नोकर नाही, निर्णय सर्वांच्या संमतीने. गुहेत शांत राहण्यात कसलं आलंय कौतुक! दुसरीच्या वाट्याची भांडी आपल्या अंगावर पडली की खरी परीक्षा.

तरी एवढ्यानेही भागत नाही, हेही पवनारलाच दिसलं. २५ डिसेंबर १९७४ पासून विनोबा वर्षभर मौनात होते. जूनमध्ये आणीबाणी आली आणि त्या मौनातून बाहेर आलेले ‘अनुशासन पर्व’ हे दोन शब्द सरकारी प्रचाराने गावोगाव मिरवले. विनोबांच्या मनःशांतीबद्दल मला तिळमात्र शंका नाही. त्या दोन शब्दांबद्दल आहे. मौन सुटल्यावर त्यांनी खुलासा केला, की शासन राज्यकर्त्यांचं, अनुशासन आचार्यांचं. जानेवारी १९७६ मध्ये पवनारला आचार्यांचं संमेलनही बोलावलं. तोवर हजारो माणसं सहा महिने तुरुंगात होती.