फ्रिजमागची मोकळी जागा आणि अभावाचे कारणत्व

जे नाही ते एखाद्या कार्याचे कारण ठरू शकते काय, हा भारतीय दर्शनांतील एक जुना वाद आहे, आणि फ्रिज भिंतीला चिकटवून ठेवू नये या घरगुती नियमात तो आजही तपासून पाहता येतो.

फ्रिज थंडी निर्माण करीत नाही, तर उष्णता आतून बाहेर नेतो. नळ्यांतून फिरणारे शीतकद्रव्य आत बाष्परूप होताना पदार्थांची उष्णता शोषते, कॉम्प्रेसरच्या दाबाने अधिक तापते आणि कंडेन्सरमध्ये, म्हणजे जुन्या फ्रिजच्या पाठीवरील काळ्या जाळीत किंवा अनेक नव्या फ्रिजच्या बाजूंच्या पत्र्यांआड, पुन्हा द्रवरूप होऊन ती उष्णता भोवतालच्या हवेला देते. तापलेली हवा वर निघून गेली नाही, तर कंडेन्सरभोवती उष्ण हवा कोंडून राहते आणि यंत्राचे श्रम वाढतात. आतले तापमान ४ अंश सेल्सिअस धरल्यास, भोवतालची हवा २७ वरून ३७ अंशांवर जाताच तेवढीच उष्णता बाहेर काढण्यासाठी लागणारे कार्य, आदर्श यंत्राच्या हिशेबानेही, सुमारे ४३ टक्क्यांनी वाढते.

अभावाच्या कारणत्वावरील मीमांसक आणि नैयायिक, म्हणजे मीमांसा व न्याय या दर्शनांचे अनुयायी, यांच्या वादातील प्रसिद्ध दृष्टांत अग्नीचा आहे: विशिष्ट मणी जवळ असला की अग्नी जाळत नाही आणि तो दूर केला की जाळतो, असे गृहीत धरून मीमांसक म्हणतात की अग्नीत दाहाची एक अदृश्य शक्ती असते व मणी ती नष्ट करतो. नैयायिक उदयनाचार्यांनी ‘न्यायकुसुमांजली’त ही कल्पना नाकारली. भावरूप, म्हणजे अस्तित्वात असलेल्या, वस्तूंप्रमाणेच प्रतिबंधकाभाव, म्हणजे अडथळा आणणाऱ्या वस्तूचे नसणे, हेही कारण होऊ शकते. आणि कार्य अडते तेव्हा शक्ती लोपलेली नसते, तर सामग्री, म्हणजे कार्यास आवश्यक अशा सर्व कारणांचा समुदाय, अपुरी पडलेली असते, अशी त्यांची भूमिका आहे.

फ्रिजचा दाखला प्रथमदर्शनी नैयायिकांच्या बाजूचा आहे. वीज, कॉम्प्रेसर, नळ्या आणि शीतकद्रव्य यांत काहीही न बदलता फ्रिज बंदिस्त कोनाड्यात ढकलला की त्याचे काम बिघडते आणि पुढे ओढला की सुधारते, म्हणून यंत्रातील शक्ती नष्ट झाली असे म्हणण्याचे कारण उरत नाही. यावर असा आक्षेप संभवतो की खोलीत असंख्य वस्तू नसतात, तेव्हा त्या सर्वांचे अभाव कारण मानावे लागतील. पण जिच्या असण्याने कार्य अडते तिचाच अभाव येथे अभिप्रेत असल्याने हा आक्षेप टिकत नाही.

तथापि निव्वळ अभावावर थांबणेही चुकीचे ठरेल. कंडेन्सरमागे भिंत नाही आणि हवाही नाही, अशी निर्वात पोकळी कल्पिली, तर अडथळा नसूनही, प्रारणाने जाईल तेवढी सोडल्यास, उष्णता वाहून नेणारे कोणी उरणार नाही. जेम्स ड्यूअरने १८९२ मध्ये बनवलेल्या, थर्मासचे मूळ असलेल्या पात्रात उष्णतेची ये-जा रोखण्यासाठी अशाच पोकळीचा उपयोग केलेला आहे. म्हणजे अडथळ्याचा अभाव कारण होतो तो हवा या भावरूप सहकारी कारणाला वाट मिळते म्हणून. एकटा अभाव कार्य घडवीत नाही, आणि अभावावाचून हवाही ते घडवू शकत नाही.

व्यवहारातील चूक नेमकी याच ठिकाणी होते. मोकळी जागा रिकामी दिसते, म्हणून तिच्यात घडीची शिडी सरकवली जाते, फ्रिजच्या माथ्यावर डबे रचले जातात आणि बाजूंवर कापडी आच्छादन सोडले जाते. मागे, बाजूंना व वर किती अंतर हवे ते मॉडेलनुसार बदलते आणि माहितीपुस्तिकेत दिलेले असते. कोनाडा बांधताना जो केवळ फ्रिजचे माप घेतो आणि हे अंतर धरीत नाही, तो जागा वाचवीत नाही, सामग्रीतील एक कारण वगळतो.