शिवेवरचा देव आणि शिमग्याची रजा

मुरबाड तालुक्यात अजून रेल्वे नाही. शहापूरला जायचं तर आसनगावला उतरून पुढची वाट धरावी लागते. तरी या दोन तालुक्यांतली माणसं पोटासाठी बाहेर पडतच आली. कुणी कल्याण-ठाण्यात नोकरी धरली. दिवाळी झाली की कातकरी आणि ठाकर कुटुंबं बिऱ्हाड बांधून भिवंडी, कल्याण, पनवेलकडच्या वीटभट्ट्यांवर जातात. जाण्याचं कारण कुणाला विचारावं लागत नाही. परत येण्याचं कारण मात्र तितकं सरळ नाही. पौष पौर्णिमेला म्हशाची यात्रा भरते. म्हसोबाचं दर्शन, बैलांचा बाजार, घोंगड्यांची दुकानं, आणि गर्दीत बाहेरगावी राहणारे मुरबाडकर हमखास असतात. मग शिमगा येतो आणि भट्टीवरच्या माणसाचा पाय कामावर ठरत नाही. देव चराचरात आहे असं लहानपणापासून ऐकलेला माणूस त्याच देवासाठी गावी कशाला जातो?

या प्रश्नाला शास्त्राइतकंच देव्हाऱ्यानंही उत्तर दिलेलं आहे. मराठी घरात कुलदैवताचे टाक असतात. चांदीच्या किंवा पितळेच्या तळहाताएवढ्या पत्र्यावर खंडोबा घोड्यावर बसलेला, शेजारी देवी, कुठे पूर्वजांचा टाक. भाऊ वेगळे झाले की नवे टाक घडवून घेतात आणि फडक्यात गुंडाळून नव्या घरी नेतात. डोंबिवलीत नेता येतात, न्यू जर्सीतही. हा देव प्रवासाला तयार असतो.

वाघोबाचं तसं नाही. तो शिवेवर, झाडाखाली, शेंदूर फासलेल्या दगडात किंवा लाकडात असतो, आणि त्याचं काम त्या एवढ्याच शिवारापुरतं आहे. गुरं राखायची ती या रानातली, माणसं सांभाळायची ती या पाड्यातली. वाघबारशीला त्याची पूजा होते आणि थोड्याच दिवसांत पाडा रिकामा व्हायला लागतो. त्याला सोबत न्यायचं कुणाच्या मनातही येत नाही, कारण शीव कशी उचलून नेणार? अशा देवाची आठवण येते तेव्हा मूर्ती आठवत नाही, जागा आठवते. घरच्या ओढीला मनाचा हळवेपणा म्हणून बाजूला सारणाऱ्यांच्या हे ध्यानात येत नाही. इथे ती ओढ हाच धर्माचा भाग आहे.

उलट बाजूचा दाखला मुरबाड तालुक्यातून घाट चढून गेलं की सापडतो. मुरबाडकडून वर जाणारा नाणेघाट हा कल्याण बंदर आणि जुन्नर यांना जोडणारा सातवाहनकालीन व्यापारी मार्ग. घाटातल्या लेण्यात राणी नागनिकेच्या काळचा शिलालेख आहे, केलेल्या यज्ञांची आणि दिलेल्या दक्षिणेची भली मोठी यादी. घाट चढून जुन्नरला गेलं की तिथल्या बौद्ध लेण्यांत यवनांचे, म्हणजे पश्चिमेकडून आलेल्या परदेशी लोकांचे, दानलेख भेटतात. इरिल नावाच्या यवनानं पाण्याची दोन टाकी दिली, चिट नावाच्या दुसऱ्यानं भोजनमंडप. ही माणसं परमुलखात राहत होती. त्यांना आपल्या गावची आठवण येत होती का, हे लेख सांगत नाहीत. पण त्यांनी दान दिलं ते त्याच मुलखातल्या संघाला. घर सोडणं हीच ज्या धर्माची पहिली पायरी, तिथे परक्याला जागा मिळणं सोपं गेलं असणार.

संन्यासाचंही तेच म्हणणं. घर हे बंधन, सोडून दे. पण मराठी भक्तीची सुरुवातच मुळी एका परत आलेल्या माणसापासून होते. परंपरा सांगते, की ज्ञानेश्वरांचे वडील विठ्ठलपंत काशीला जाऊन संन्यासी झाले, मग गुरूच्या आज्ञेनं आळंदीला संसारात परतले आणि त्या परतण्यापायी सगळ्या कुटुंबाला वाळीत पडावं लागलं. पुढे वारकऱ्यांनी पंढरपूरला माहेर म्हटलं ते उगीच नव्हे. विठ्ठल सर्वत्र आहे हे मान्य, तरी आषाढीला चालत जायचंच. या दोन गोष्टी एकमेकींना छेद देतात हे कळूनही वारकऱ्यानं कधी त्यातली एक सोडली नाही. शेकडो वर्षं हा पेच न सोडवता चालवला, यातच त्याचं शहाणपण दिसतं.

धर्मसूत्रकार बोधायनानं तर समुद्रप्रवासालाच पातकात धरलं. त्या समजुतीला तोंड देत आनंदीबाई जोशी 1883 मध्ये डॉक्टरकी शिकायला कलकत्त्याहून अमेरिकेला निघाल्या. त्यांचं बालपण गेलं ते शहापूर-मुरबाडची माणसं आजही ज्याच्यावाचून अडतात त्या कल्याणात. हिंदू म्हणूनच जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन, असं त्यांनी निघण्यापूर्वी जाहीर सभेत सांगितलं होतं. फिलाडेल्फियाच्या थंडीतही साडी आणि शाकाहार त्यांनी सोडला नाही. 1886 मध्ये डॉक्टर होऊन परतल्या आणि 26 फेब्रुवारी 1887 ला पुण्यात गेल्या. त्यांची रक्षा मात्र न्यूयॉर्क राज्यातल्या पोकिप्सीला पोचली, ज्या कार्पेंटरबाईंनी त्यांना घरच्या मुलीसारखं सांभाळलं त्यांच्या कुटुंबाच्या दफनभूमीत. जिवंतपणी त्यांनी परत येण्याचा शब्द पाळला. रक्षेनं मात्र उलटा प्रवास केला.

विरक्तीचा उपदेश करणाऱ्याला सहसा मालकाकडे रजा मागावी लागत नाही. भट्टीवरच्या जोडप्याला लागते. दिवाळीआधी उचल घेतलेली असते, ती चिखल तुडवून, साचा भरून, हजार विटांच्या भावानं फेडायची. 1976 च्या कायद्यानं वेठबिगारी बंद केली. उचलीची वही अजून चालू आहे. शिमग्याला गावी गेलं की तेवढ्या दिवसांच्या विटा पडत नाहीत आणि फेड लांबते. तरीही माणसं जातात. कारण पाड्यावर त्या चार दिवसांत नुसती होळी पेटत नाही. सोयरिकी ठरतात, राब भाजायचं बघतात, म्हाताऱ्यांचं औषधपाणी होतं, भावकीतलं भांडण मिटतं किंवा नव्यानं लागतं. ऑफिसातल्या माणसाला दिवाळीची सुट्टी पगारी मिळते. भट्टीवर उचलीची बोली होते तेव्हा शिमग्याचे दिवस त्याच बोलीत, भरपगारी, का धरू नयेत, हे भट्टीमालकांनी सांगायला हवं.