शून्य रुपयांचें तिकीट

गेल्या महिन्यांत नागपुराहून काटोलकडे जात असतां आमच्या शेजारीं आमच्याच मंडळींतील एक आजोबा बसले होते. वय ७८. वाहकानें आधारकार्ड पाहून त्यांस शून्य रुपयांचें तिकीट दिलें. आजोबांनीं कनवटीची नोट काढून पुढें केली. "आजोबा, तुमच्याकडून घेतां येत नाहीं," असें म्हणून वाहक हंसत पुढें गेला. गाडींतून उतरल्यावर ते आम्हांस म्हणाले, "पाळकसाहेब, जन्मभर कोणाचें फुकट खाल्लें नाहीं. हें बरें झालें काय?"

प्रश्न हंसण्यावारी नेण्याजोगा नाहीं. सन २०२२ च्या ऑगस्टपासून महाराष्ट्रांत ७५ वर्षांवरील माणसांस एस. टी. चा प्रवास मोफत आहे, आणि १७ मार्च २०२३ पासून सर्व स्त्रियांस अर्धें भाडें आहे. ही भिक्षा आहे काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. गांवच्या सार्वजनिक विहिरीवर घागरीमागें कोणी पैसा मागत नाहीं. (ती विहीर आपल्या पुष्कळांच्या वाडवडिलांस बंद होती, ही गोष्ट निराळी.) आणि आजोबांनीं काडीपेटीपासून धोतरापर्यंत आयुष्यभर जें जें विकत घेतलें, त्यांत सरकारचा कर भरलेलाच होता.

परंतु 'फुकट' हा शब्द फसवा आहे. डिझेल फुकट येत नाहीं, टायर फुकट येत नाहींत. सवलतीचे पैसे सरकारनें महामंडळास द्यावयाचे असतात. ते वेळेवर न पोंचले तर ओझें कोणावर पडेल? सन २०२१ च्या अखेरीस एस. टी. च्या कामगारांनीं वेतनासाठीं व शासनांत विलीन करून घेण्यासाठीं संप केला, तो एप्रिल २०२२ पर्यंत लांबला. आणि खेड्यापाड्यांची वाट पुन्हा पायांची झाली. मजुराच्या ताटांतून काढून दिलेलें दान आम्ही दान म्हणणार नाहीं.

मग सर्वांसच मोफत करावें काय? लक्झेंबर्ग या चिमुकल्या व धनाढ्य देशानें सन २०२० पासून तसें केलें आहे. आपणांकडे, आमच्या मतें, नागपुरांत मेट्रोनें कचेरीस जाणाऱ्या पगारदारानें भाडें अवश्य द्यावें. सरकारजवळ जो पैसा आहे तो आधीं आडगांवीं गाडी पोंचविण्यांत खर्च व्हावा. जेथें गाडीच येत नाहीं, तेथें फुकट तिकीट घेऊन म्हाताऱ्यानें कशांत बसावें?

गांवापर्यंतच्या पायवाटेनें हें सारें आम्हीं आजोबांस सांगितलें. त्यांनीं नोट पुन्हा कनवटीस लाविली. थोडें चालून झाल्यावर त्यांनीं विचारिलें, "पण त्या वाहकाचा पगार वेळेवर होतो ना?" आम्हीं त्यास तें विचारिलेंच नव्हतें.